कौमार्य भंगते, ब्रह्मचर्य पाळतात

मी पंधरा वर्षांची होते. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुणांचे तीन दिवसांचे शिबिर होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलींना वेगळ्या खोलीत बसवले. शिकवणाऱ्या ताईंनी चिकटपट्टीचा लांबसा तुकडा कापला, पहिल्या मुलीच्या हाताला लावला, ओढून काढला आणि दुसरीच्या हाताला लावला. मग तिसरीच्या, चौथीच्या. आठव्या मुलीपर्यंत येईतो पट्टीवर लव, धूळ, घाम सगळे बसले होते आणि ती कशालाच धरत नव्हती. ताईंनी ती उंच धरून विचारले, “आता ही कुणाला चिकटेल?” कुणीच काही बोलले नाही. मग प्रार्थना झाली, छापील कार्डे वाटली गेली आणि लग्नापर्यंत शुद्ध राहण्याच्या वचनाखाली आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या.

मुलांची बैठक शेजारच्या खोलीत होती. त्यांना मोहाशी लढायला शिकवले जात होते. त्यांच्याकडे पट्टी नव्हती.

माझ्या डावीकडे बसलेली मुलगी सही करताना फार वेळ घेत होती. पुढे आम्ही जिवाभावाच्या मैत्रिणी झालो, आणि त्या दुपारनंतर बारा वर्षांनी तिने मला सांगितले की ती नऊ वर्षांची असताना घरातल्याच एका मोठ्या माणसाने तिच्यावर अत्याचार केला होता. शिबिरात येईपर्यंत तिला एवढेच वाटत होते की आपल्याबाबत काहीतरी वाईट घडले. “त्या दिवशी कळलं की मीच वाईट आहे,” ती म्हणाली. “ती पट्टी मी होते. आणि खाली मी सही करत होते, की मी शुद्ध राहीन. खोटी सही.”

मी हे लिहिते आहे ती ख्रिस्ती बाई म्हणून, आणि माझी भूमिका आधीच सांगते. शरीरसंबंधांची जागा विवाहात आहे असे मी मानते. तेव्हाही मानत होते, आजही मानते. त्या कार्डावरचा शब्द मी पाळला. तेव्हा शुद्धतेच्या त्या शिकवणीविरुद्ध मी जे म्हणणार आहे, ते स्वतःला मोकळीक मिळवण्यासाठी आहे असे कुणी समजू नये. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती गंभीर आहे. ती शिकवण शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या सुवार्तेच्या, विरुद्ध आहे.

तिचा उगम कुठला, हे थोडक्यात सांगायला हवे. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट मंडळींनी ‘ट्रू लव्ह वेट्स’ (खरे प्रेम थांबते) नावाची मोहीम सुरू केली. किशोरवयीन मुलामुलींनी देवाला, आईवडिलांना, पुढे होणाऱ्या जोडीदाराला आणि पुढे होणाऱ्या मुलांनाही स्मरून लग्नापर्यंत संयम पाळण्याचे वचन द्यायचे आणि कार्डावर सही करायची. १९९४ च्या जुलैत अशी दोन लाखांहून अधिक कार्डे वॉशिंग्टनमधल्या नॅशनल मॉल या मैदानाच्या हिरवळीवर रोवून ठेवली होती. पाठोपाठ वचनाची चांदीची अंगठी आली. १९९८ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्स इथे पहिला ‘प्युरिटी बॉल’, म्हणजे शुद्धतेचा नृत्यसमारंभ, झाला, ज्यात मुली लांब झगे घालून वडिलांबरोबर आल्या आणि मुलीच्या शुद्धतेचे रक्षण आपण करू, असे वचन वडिलांनी दिले. १९९६ च्या कल्याणकारी सुधारणा कायद्याने लग्नाआधी संयम एवढेच शिकवणाऱ्या कार्यक्रमांसाठी वर्षाला पाच कोटी डॉलर, असे पाच वर्षे बाजूला काढले. तिथून ही कार्डे, अंगठ्या, गुलाबाच्या चुरगळलेल्या पाकळ्या आणि चिकटपट्ट्या मिशनऱ्यांच्या, पुस्तकांच्या आणि व्हिडिओंच्या वाटेने जगभरच्या मंडळ्यांत पोचल्या.

ज्यांनी हे सुरू केले त्यांची भीती खरी होती. एड्सची साथ होती. १९९१ मध्ये अमेरिकेत १५ ते १९ वयाच्या दर हजार मुलींमागे जवळजवळ ६२ बाळंतपणे होत होती. आपले लेकरू वाचावे म्हणून आईबाप हाताला येईल ते करतात. मलाही मुलगी आहे. त्या आईबापांवर मी दगड उचलणार नाही.

पण उपाय लागू पडला का? २००१ मध्ये पीटर बेअरमन आणि हॅना ब्रुक्नर या समाजशास्त्रज्ञांना आढळले की वचन देणाऱ्यांचा पहिला संबंध सरासरी दीड वर्षाने पुढे ढकलला जातो, पण शाळेत वचन देणारी मुले थोडी असतील तोवरच. सगळ्यांनीच सही केली की परिणाम संपतो. याच दोघांनी २००५ मध्ये दाखवले की वचन दिलेल्यांपैकी बहुतेकांचे संबंध शेवटी लग्नाआधीच आले, आणि लैंगिक आजारांचे प्रमाण इतरांएवढेच राहिले. २००९ मध्ये जॅनेट रोझेनबॉम यांनी वचन दिलेल्या मुलांची तुलना त्यांच्यासारख्याच, तितक्याच धार्मिक घरांतल्या, पण वचन न दिलेल्या मुलांशी केली. पाच वर्षांनंतर वागण्यात फरक नव्हता. फरक एवढाच, की वचन दिलेली मुले गर्भनिरोधक साधने कमी वापरत होती. आणि त्यांच्यातल्या ८२ टक्क्यांनी आपण कधी वचन दिलेच नव्हते, असे सांगितले.

त्या ८२ टक्क्यांवर मी बराच विचार केला आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांकडून देवाच्या नावाने शपथ घ्यायची, ती मोडली की त्यांनी शपथ घेतल्याचेच विसरून जायचे, आणि त्याबरोबर देवाकडे परत यायची वाटही विसरायची. बायबलमधल्या मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू वासनेच्या नजरेबद्दल बोलतो ते आपण मुलांना पाठ करायला लावतो. त्याच अध्यायात, काही वचने पुढे गेल्यावर, तो म्हणतो की शपथ मुळीच वाहू नका, तुमचे ‘होय’ हे ‘होय’ असू द्या. हे वचन शिबिरात कुणी वाचले नाही.

तरीही, समजा उद्या एखादा अभ्यास म्हणाला की चिकटपट्टी शंभर टक्के लागू पडते, तरी मी तिच्या विरुद्धच उभी राहीन. कारण ती पट्टी देवाविषयी आणि स्त्रीविषयी खोटे बोलते.

हे खोटे कुठे आहे ते आपल्याच भाषेत सापडते. मराठीत मुलीजवळ कौमार्य *असते* आणि मुलगा ब्रह्मचर्य *पाळतो*. कौमार्य जाते, भंगते, हिरावले जाते. ही सगळी क्रियापदे वस्तूची आहेत, काचेच्या भांड्याची. ते भांडे एकदा फुटले की फुटले, आणि ते तिने स्वतः टाकले की कुणी धक्का दिला याने तुकड्यांना फरक पडत नाही. ब्रह्मचर्य मात्र वागणूक आहे. ते आज ढळले तर उद्या पुन्हा पाळता येते, त्यासाठी माणसाने उठून उभे राहायचे असते. एकाच शिकवणीत मुलग्याला क्रियापद मिळते आणि मुलीला नाम. ‘अब्रू लुटली’ हे शब्द आपण बलात्काराच्या बातमीत अजून वापरतो. लुटीत गरीब होतो तो लुटला जाणारा, लुटारू नव्हे. म्हणजे ज्या बाईवर अत्याचार झाला तिच्याजवळ काहीतरी कमी झाले, ती घटली, असे त्या दोन शब्दांनी आपण सांगून टाकतो. माझ्या मैत्रिणीने नवव्या वर्षी काहीही गमावले नव्हते. तिच्यावर कुणीतरी पाप केले होते. ज्या माणसाचे पावित्र्य त्या दिवशी गेले तो आजही घरातल्या जेवणांना येतो आणि प्रार्थना करतो.

एलिझाबेथ स्मार्ट यांचे उदाहरण पुष्कळांना माहीत असेल. २००२ मध्ये, चौदा वर्षांच्या असताना, त्यांना घरातून पळवून नेले आणि नऊ महिने डांबून ठेवून रोज अत्याचार केले. त्या मॉर्मन या पंथाच्या घरातल्या. २०१३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात बोलताना त्यांनी सांगितले, की एका शिक्षिकेने शारीरिक संबंध झालेल्या मुलीची तुलना चघळलेल्या च्युइंगमशी केली होती, आणि त्या कैदेत ती तुलना त्यांना आठवली. चघळलेला च्युइंगम पुन्हा कुणाला हवा असतो? मग पळून जाऊन जायचे कुठे, कशाला? आपण ज्या गोष्टी मुलींच्या रक्षणासाठी सांगतो त्या त्यांना संकटात असताना कशा ऐकू येतात, हे एवढ्या स्पष्टपणे मी दुसरीकडे कुठे वाचलेले नाही.

मंडळीतले वडीलधारे म्हणतील की ही उदाहरणे देणाऱ्यांची चूक, शिकवणीची नव्हे. मला वाटते चूक जुनी आहे. ३८४ मध्ये संत जेरोम याने रोममधल्या एका तरुण मुलीला कौमार्यव्रताविषयी पत्र लिहिले. देव सर्व काही करू शकतो, पण पतन पावलेल्या कुमारिकेला तो पुन्हा उठवू शकत नाही, असे त्यात आहे. ज्याने मेलेल्या लाजाराला चौथ्या दिवशी कबरेतून बाहेर बोलावले, त्याला हे जमणार नाही! चिकटपट्टीचे ईश्वरविज्ञान ते हेच. शिबिरातल्या ताईंनी जेरोम वाचला नव्हता, पण त्याचे वाक्य त्यांच्या हातात होते.

त्यानंतर सव्वीस वर्षांनी, ४१० मध्ये, गॉथ टोळ्यांचे सैन्य रोममध्ये शिरले. कित्येक ख्रिस्ती स्त्रियांवर, व्रतस्थ कुमारिकांवरही, बलात्कार झाले. त्या जिवंत राहिल्या म्हणून त्यांना टोमणे मारले जात होते, कारण रोमन परंपरेत अशा बाईने जीव द्यायचा असतो. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने तेव्हा लेखणी उचलली आणि ‘देवाचे नगर’ या ग्रंथात ठामपणे लिहिले की पावित्र्य हा मनाचा गुण आहे, दुसऱ्याच्या वासनेने ते विटाळत नाही, आणि ज्या बाईने संमती दिली नाही तिने स्वतःला मारण्याचे काहीही कारण नाही. तो एक उदाहरण देतो. सुईण एखाद्या मुलीचे कौमार्य तपासायला जाते आणि तपासताना तिच्याच हातून, चुकून किंवा अडाणीपणाने, ते भंगते. अशा मुलीच्या शरीराचे पावित्र्य गेले असे म्हणण्याइतका मूर्ख कुणी असेल का? सोळाशे वर्षांपूर्वीचा हा प्रश्न. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला आणि संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांना पुन्हा सांगावे लागले की कौमार्य चाचणीला शास्त्रीय आधार नाही, शरीर तपासून कुणाचा संबंध आला आहे की नाही हे सांगता येत नाही, आणि हा प्रकार बंद झाला पाहिजे. ऑगस्टीनचे सगळेच मला पटत नाही. त्याच ग्रंथात पुढे तो त्या स्त्रियांना विचारतो की तुम्हाला आपल्या शुद्धतेचा गर्व तर नव्हता ना, आणि तिथे माझा जीव कळवळतो. तरी जेरोम आणि ऑगस्टीन यांच्यात निवड करायची तर कुणाच्या बाजूला जायचे याविषयी मला शंका नाही.

आणि शास्त्रच वाचायचे तर नीट वाचू या. दावीद राजा आणि त्याने बोलावून घेतलेली दुसऱ्याची बायको बथशेबा यांची गोष्ट मी किमान पाच-सहा उपदेशांत ऐकली आहे. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणते की बाईने उघड्यावर स्नान करायला नको होते. बायबलमधल्या दुसऱ्या शमुवेलाचा अकरावा अध्याय काढून पाहावा. गच्चीवर होता तो दावीद. ती स्नान करत होती, आणि ती आपल्या अशुद्धतेपासून शुद्ध होत होती, असे चौथे वचन सांगते. म्हणजे त्या अख्ख्या प्रकरणात शुद्धतेचा नियम जर कुणी पाळत असेल तर ती. पुढे नाथान संदेष्टा येतो आणि श्रीमंताने हिरावून घेतलेल्या गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगतो. मेंढीला तो काहीच विचारत नाही. ‘तो मनुष्य तूच आहेस’ हे तो राजाला म्हणतो.

‘तुमचे शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे’ हे वचन मुलींच्या बाह्यांची आणि परकराची लांबी ठरवायला वापरले जाते. प्रेषित पौलाने ते कुणाला लिहिले? करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात, त्याच्या आधीच्या तीन-चार वचनांत, तो वेश्येकडे जाणाऱ्या पुरुषांविषयी बोलतो आहे. मंदिराची आठवण त्याने त्या पुरुषांना करून दिली. मुलींच्या खोलीत ते वचन वाचले गेले आणि मुलांच्या खोलीत वाचले गेले नाही, याचा अर्थ आपण पत्र चुकीच्या पत्त्यावर पोचवले.

नजरेबद्दल येशू बोलला तेव्हाही तेच. उजवा डोळा तुला पाप करायला लावत असेल तर तो उपटून टाक, असे तो म्हणतो. डोळा ज्याचा, जबाबदारी त्याची. समोरच्या बाईने ओढणी घ्यावी, असे पुढचे वाक्य नाही. अलंकारिक म्हणा, कठोर म्हणा, पण त्या वाक्याचा रोख बघणाऱ्याकडे आहे. शुद्धतेच्या शिकवणीने तो फिरवला. मुलींना सांगितले गेले की तू तुझ्या भावाला अडखळण बनू नकोस, त्याच्या मनात येणाऱ्या विचाराचा हिशेब तुझ्याकडून मागितला जाईल. २०२१ च्या मार्चमध्ये अटलांटाजवळ एका तरुणाने तीन मसाज पार्लरांत जाऊन आठ जणांना गोळ्या घालून मारले. त्यांत सहा आशियाई वंशाच्या बायका होत्या. तो सदर्न बॅप्टिस्ट मंडळीत वाढलेला. ही ठिकाणे आपल्यासाठी मोह होती आणि तो मोह आपल्याला नाहीसा करायचा होता, असे त्याने पोलिसांना सांगितले. कुठलीही शिकवण एका माणसाच्या गुन्ह्याचे पूर्ण कारण नसते, आणि तिथे वंशद्वेषाचा प्रश्नही होताच. तरी ते वाक्य मला अनोळखी वाटले नाही. स्वतःचा डोळा राखायचा सोडून समोरची बाईच नाहीशी करायची, इथपर्यंत तो फिरवलेला रोख जाऊ शकतो.

२०२२ च्या मे महिन्यात त्याच पंथाच्या कारभाराची चौकशी करणारा अहवाल बाहेर आला. अत्याचाराचे आरोप असलेल्या सातशेहून अधिक जणांची यादी मुख्य कार्यालयात वर्षानुवर्षे गुपचूप ठेवली होती आणि दाद मागणाऱ्या बायकांना झिडकारले गेले होते. मुलींकडून लाखो कार्डे भरून घेणाऱ्या मंडळींनी ही एक यादी मात्र कपाटात ठेवली. हे वाचल्यावर मी दोन रविवार उपासनेला गेले नाही.

आता लग्नाबद्दल, कारण या शिकवणीचे सगळे बक्षीस तिथे ठेवलेले असते. आज थांब, म्हणजे उद्या देव तुला सुंदर संसार देईल. दहा-बारा वर्षे मुलीला सांगायचे की तुझे शरीर धोकादायक आहे, तुझी इच्छा घाणेरडी आहे, आणि एका रात्रीत तिने ते सगळे मागे टाकून आनंदी व्हायचे. माझ्या नवऱ्यासारखा समजूतदार माणूस मिळूनही पहिली दीड-दोन वर्षे मी त्याच्याजवळ गेल्यावर नंतर अंथरुणावर बसून देवाची क्षमा मागत असे. कशाबद्दल, ते मलाच सांगता येत नसे. अंधार असल्याशिवाय मला कपडे बदलता येत नव्हते. शरीर मिटून जाई आणि दुखे. एका डॉक्टरबाईंनी शांतपणे, वेळ देऊन विचारले तेव्हा मी पहिल्यांदा हे मोठ्याने बोलले. त्यानंतर मंडळीतल्या विवाहित मैत्रिणींशी बोलत गेले, आणि त्यांच्यातल्या कितीजणी हेच एकट्याने सोसत होत्या हे पाहून सुन्न झाले. बायबलमध्ये गीतरत्न नावाचे अख्खे पुस्तक आहे. त्यात बाई आपल्या प्रियकराच्या केसांपासून पायांपर्यंत सगळ्याचे वर्णन करते आणि कुठेही क्षमा मागत नाही. आम्हाला ते ख्रिस्त आणि मंडळी यांचे रूपक म्हणून शिकवले आणि पुढे सरकलो.

१९९७ मध्ये, एकवीस-बावीस वर्षांच्या जॉशुआ हॅरिसने डेटिंग सोडून देण्याविषयी लिहिलेले पुस्तक या चळवळीचे जणू पाठ्यपुस्तक झाले होते. २०१८ मध्ये त्याने ते छापणे थांबवले आणि ज्यांना त्याचा त्रास झाला त्यांची माफी मागितली. पुढच्या वर्षी त्याने आपला संसार संपल्याचे आणि आपण आता ख्रिस्ती उरलो नसल्याचे जाहीर केले. ते वाचून मी त्याच्यावर रागावले नाही, मला वाईट वाटले. शुद्धतेला ज्यांनी सुवार्तेच्या जागी बसवले त्यांच्यापैकी पुष्कळांनी ती मोडल्यावर सुवार्ताही टाकून दिली, आणि दोन्ही वेगळ्या आहेत हे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

माझ्यासाठी ती वेगळी केली पंडिता रमाबाईंनी. रमाबाई इंग्लंडमध्ये वाँटेजच्या मठातल्या सिस्टर्सकडे राहत होत्या. तिथून त्यांना हवापालट म्हणून लंडनच्या शाखेत पाठवले गेले आणि तिथे त्यांनी ‘पतित’ समजल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी चालणारे काम पाहिले. त्या घरात आलेल्या काही बायका इतक्या बदलल्या होत्या की आता स्वतःच आजारी माणसांची सेवा करत होत्या. रमाबाईंना हे नवल वाटले. शास्त्रे कोळून प्यालेल्या त्या बाईने अशा स्त्रियांसाठी काही करायचे असते, हे आयुष्यात तिथे पहिल्यांदा पाहिले, असे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहिले आहे. त्यांनी सिस्टरांना विचारले की तुम्ही हे का करता? उत्तरादाखल सिस्टरांनी योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. रमाबाईंचे मन ख्रिस्ताकडे वळण्यात त्या गोष्टीचा वाटा मोठा आहे. पुढे मुक्तिसदन उभे राहिले तेव्हा अशा स्त्रियांसाठी त्यांनी कृपासदन काढले. शुद्धिसदन नव्हे, कृपासदन.

म्हणून मी ती गोष्ट पुन्हा पुन्हा वाचते. विहिरीवर येशू थकून बसला आहे. भर दुपारी ती बाई पाण्याला येते. तिला पाच नवरे झाले आणि आता ज्याच्याबरोबर आहे तो तिचा नवरा नाही. तिला बदफैली ठरवायला उपदेशकांना एवढे पुरते. मजकुरात तसे काही नाही. पाच जण मेले असतील, किंवा त्यांनी तिला टाकले असेल. घटस्फोटाचे सूटपत्र देणे त्या काळी सहसा पुरुषाच्या हातात होते. येशूला तिचा सगळा इतिहास ठाऊक आहे, आणि तो तिच्याकडे पाणी मागतो, तिच्या भांड्यातून. शोमरोनी लोकांना यहूदी परके मानत, आणि यहूदी माणूस त्यांच्या भांड्याला शिवत नसे. मग तो तिच्याशी उपासनेविषयी बोलतो, देव आत्मा आहे हे तिला सांगतो, आणि मशीहा मीच आहे, हेही तिला सांगतो. ती घागर तिथेच टाकून गावात पळते, आणि गावातले पुष्कळ लोक तिच्या शब्दावर विश्वास ठेवतात. आठ हातांवरून फिरलेली पट्टी कशालाच चिकटत नाही म्हणे.

येशूच्या गोष्टींत हे सतत घडते. कुष्ठरोग्याला तो हात लावतो. बारा वर्षे रक्तस्राव होणारी बाई गर्दीतून त्याच्या वस्त्राला शिवते. नियमाप्रमाणे तिच्या विटाळाने तो अशुद्ध व्हायला हवा. होते उलटे, ती बरी होते. शिबिरातल्या त्या खोलीत घाण संसर्गजन्य होती. येशूजवळ पावित्र्य संसर्गजन्य आहे. या दोन वेगळ्या श्रद्धा आहेत आणि एकाच क्रुसाखाली त्या दोन्ही मुलांना शिकवता येणार नाहीत.

‘मग मुलींना सांगायचे तरी काय?’ हा प्रश्न मला पाळकांनीही विचारला आहे आणि आयांनीही, आणि तो रास्त आहे. गेली सहा वर्षे मी आमच्या तरुणांच्या वर्गाला शिकवते. पहिली गोष्ट आम्ही केली ती मुलगे आणि मुली एकत्र बसवण्याची. पौल थेस्सलनीकाकरांना जारकर्मापासून दूर राहायला सांगतो तेव्हा कारण देतो, की या बाबतीत कुणी आपल्या भावाचा अपराध करू नये, त्याला फसवू नये. म्हणजे हे पाप आहे ते दुसऱ्या माणसाचे नुकसान करते म्हणून. मी तिथून सुरुवात करते. तू जे करणार आहेस त्यात समोरच्याची खरी मर्जी आहे का, की तू ती गृहीत धरली आहेस? तू त्याला खरे सांगितले आहेस का? मूल राहिले तर ते कुणाचे असेल? नको म्हणायला जागा आहे का? शरीराच्या अवयवांची नावे आम्ही नावानेच घेतो. अत्याचार झाला तर कुणाला, कसे सांगायचे हे दरवर्षी पहिल्याच तासाला सांगते. सगळ्यात शेवटी विवाहाविषयी बोलते, आणि मला तो का मोलाचा वाटतो तेही लपवत नाही. कार्ड नाही, सही नाही, अंगठी नाही. एवढ्याने सगळी मुले थांबतील असे मी कुणाला सांगितलेले नाही. न थांबलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी वर्गात यायची लाज वाटू नये, एवढे मला करता येते.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नात त्या शिबिरातल्या ताई भेटल्या. आता थकल्या आहेत, काठी घेऊन चालतात. मी बराच वेळ ठरवत होते बोलावे की नाही, मग त्यांच्याजवळ बसले आणि चिकटपट्टीचे सांगितले. नाव न घेता मैत्रिणीचेही सांगितले. त्या खूप वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मला माझ्या बाईंनी कागदाचा बोळा करून दाखवला होता. चुरगळलेला कागद पुन्हा सपाट होतो का गं, म्हणून. मी तेच पुढं दिलं.” त्यांनी डोळे पुसले. मैत्रिणीला भेटून माफी मागायची आहे म्हणाल्या, नंबर मागितला. मी म्हटले, आधी तिला विचारते.

मी विचारले. मैत्रीण अजून विचार करते आहे.